आत्यांनी मांडलेलं ऑफिस

आमच्या वस्तीवर कुणी आलं आणि मी कामात असले, की आत्या पाहुण्याला अंगणाच्या मध्यावरच थांबवत. एसटीला हात करावा तसा हात वर करत आणि दुसऱ्या हातातली लोकरीची टकळी तशीच लोंबकळत ठेवून हलक्या आवाजात सांगत, "सूनबाई हापिसात हायेत. काय निरोप आसंल तर सांगा."

पाहुणा गोंधळून इकडंतिकडं बघायचा. कारण आत्यांच्या मागं होती एक बसकी दगडी खोली, वर सिमेंटचे पत्रे, आणि अर्ध्या उघड्या दारातून आत बसलेली मी त्याला चांगली दिसत असे.

"ही काय बसलीय की आत!" तो म्हणायचा.

"बसलीय म्हंजी मोकळी न्हाई," आत्या म्हणायच्या. "बँकेतला साहेब बी बसलेलाच आसतो. त्याला जाऊन हलवता का?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. नाव कोंडाबाई. अंगानं शेलाट्या, रंगानं काळ्यासावळ्या, कपाळावर ठसठशीत गोंदण आणि चाल अशी, की सत्तरी ओलांडल्यावरही मला त्यांच्याबरोबर चालताना धाप लागायची. राजुरीच्या शिवारात आमची वस्ती आहे. आता तिथं ऊस, कांदा आणि टोमॅटो होतो, पण घर मूळचं मेंढपाळाचं. आत्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. घोडीच्या पाठीवर सगळा संसार. आज या रानात तळ, चार दिवसांनी त्या रानात. नव्या जागी पोचलं की पुरुष मेंढरांच्या मागं लागत आणि बाया बिऱ्हाड मांडत. चूल कुठं घालायची, पोरं कुठं निजवायची, पाणी किती लांब, वारं कुठून येतं, हे सगळं बायांनी ठरवायचं.

"म्या जन्मभर बिऱ्हाडं मांडली," आत्या म्हणायच्या. "तुमी एका घरात जलमता नि त्याच घरात म्हातारं व्हता. तुमाला काय म्हाईत घर मांडनं!"

मी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या बाजूची. मराठी घेऊन एमए झाले आणि पुण्यात एका प्रकाशन संस्थेत भाषांतराच्या कामाला लागले. लहान मुलांची विज्ञानाची पुस्तकं, आरोग्याच्या पत्रिका, पाण्याच्या मोटारींबरोबर मिळतात त्या माहितीपुस्तिका, असं कुणाचंही नाव नसलेलं लेखन मी करायचे. लग्नानंतरही आम्ही काही वर्षं पुण्यातच होतो. मग विलासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि त्यानं गावी येऊन थोरल्या भावाबरोबर शेती करायचं ठरवलं. मी नोकरी सोडायला निघाले, तर आमच्या संपादक मॅडम म्हणाल्या, "सोडतेस कशाला? लॅपटॉप ने आणि घरून कर. फक्त वेळ पाळ."

मला ते फार सोपं वाटलं होतं.

हॉलमध्ये सोफ्याच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन मी कामाला सुरुवात केली. समोर टीव्हीवर हिंदी मालिका चालू असायची. शेजारच्या बाया यायच्या आणि "घरीच असतीस ना गं?" म्हणून शेजारी टेकायच्या. पाहुणे आले की चहा. गॅसवाला आला की मी. जाऊबाई शेतात, विलास शेतात, भाऊजी मार्केटला. घरात बसलेली मी एकटी, त्यामुळं घरातलं प्रत्येक काम माझ्याकडं बघून हात पसरायचं. कुणाचा दोष होता असं नाही. शेतावरच्या माणसाला काम म्हणजे उठून करायची गोष्ट. बसून बोटं हलवणाऱ्या बाईला चहा टाकायला सांगू नये, हे त्यांना कसं कळावं? मला तरी ते कुठं सांगता येत होतं!

मुलांच्या एका पुस्तकाचं काम दुसऱ्यांदा लांबलं, तेव्हा मॅडमचा फोन आला. चिडल्या नाहीत, उलट समजुतीनं बोलल्या, आणि तेच मला जास्त लागलं. "मनीषा, तुझं काम चांगलं आहे. पण घरून जमत नसेल तर स्पष्ट सांग. मी दुसऱ्या कुणाला देईन, तुझ्यावरही ओझं नको."

फोन ठेवला आणि मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. कणीक मळताना रडलं तर कुणाला दिसत नाही, अशी माझी समजूत होती. आत्या भिंतीला टेकून लसूण सोलत बसल्या होत्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मंग पिटात मीठ कमी पडलंय का?"

मला हसू आलं आणि मग जास्तच रडू आलं. मी सगळं सांगितलं. आत्यांनी समजूत काढली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. लसणाची पाकळी नखानं सोलत त्या एवढंच म्हणाल्या, "तुला कामाला काय काय लागतं?"

"दार," मी म्हणाले.

"काय?"

"एक दार, आत्या. लावून घेता येईल असं."

त्यांनी लसणाची पुढची पाकळी उचलली. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घोंगडी आणि टकळी घेऊन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसल्या. दुपारच्या आत लालबुंद होऊन खाली आल्या. "तितं तू भाजून निगशील," म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. मग त्यांनी रस्त्याकडची खोली धरली. तिथं संध्याकाळपर्यंत बसल्या. पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवरची गाणी, सगळं ऐकून झाल्यावर उठल्या. "ह्या खोलीत मान्साचं ध्यान ऱ्हायाचं न्हाई." तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की आत्या माझ्यासाठी जागा बघताहेत.

"बघायची काय त्यात? नुसती नजर टाकली तरी कळतं," विलास म्हणाला.

"नजर टाकून जागा कळत न्हाई बाबा. बसून कळती."

शेवटी त्या कोकरांच्या खोलीत जाऊन बसल्या. घराच्या मागच्या अंगाला, चिंचेखाली, मेंढरं होती तेव्हा नवी कोकरं ठेवायची ती खोली. दगडी भिंती, आत अंधार, मोडकी खाट, औषध फवारायचे जुने पंप आणि फाटक्या गोण्या. आत्यांनी जेवणही तिथंच मागवलं. मी भाकरी घेऊन गेले आणि काही बोलायला लागले, तर ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. कान देऊन बसल्या होत्या. दिवस कलल्यावर बाहेर आल्या आणि लुगड्याची धूळ झटकत म्हणाल्या, "जागा घावली."

मला ती मुळीच पसंत नव्हती. "आत्या, आत मेंढरांचा वास येतो हो अजून."

"वास जातो," त्या म्हणाल्या. "आवाज जात न्हाई."

मग त्यांनी घर कामाला लावलं. अडगळ बाहेर निघाली. विलासकडून उत्तरेच्या भिंतीत खिडकीएवढं भगदाड पाडून घेतलं. पहिला घाव घालताना तो कुरकुरला, तर त्याच्या हातातली पहार घेऊन स्वतःच उभ्या राहिल्या. चुन्याचे हात झाले, खाली शहाबादी फरशी आली, वायरमन आला. इंटरनेटची तार जोडायला आलेला माणूस दारात उभा राहून हसला. "आजी, गोठ्यात नेट घेताय व्हय?"

"गोठा न्हाई. हापिस हाय," आत्या म्हणाल्या. "आनि तार नीट खिळून बसव. वांदरं लई हायेत."

त्या दिवशी प्रथम तो शब्द उच्चारला गेला. मी कधी त्या खोलीला ऑफिस म्हटलं नव्हतं. मला तसं म्हणायचा संकोच वाटायचा. एक टेबल, एक लॅपटॉप, त्याला कसलं ऑफिस? आत्यांनी मात्र एकदा म्हटलं ते म्हटलं, आणि मग दुसरं काही म्हणणाऱ्याला दुरुस्त करू लागल्या.

टेबल म्हणून मी टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटवर प्लायवूड टाकलं होतं. आत्यांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पदर नीट घेऊन तयार होऊन बसल्या. "चल नारायणगावला. कॅरेटवर कुनी हापिस मांडतं व्हय?"

आम्ही जीपनं गेलो. फर्निचरच्या दुकानात आत्यांनी एकेका खुर्चीवर बसून बघायला सुरुवात केली. नुसतं टेकायचं नाही; बसायचं, डोळे मिटायचे आणि बसूनच राहायचं. दुकानदार जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी पायजे का? आरामखुर्ची दाखवू?"

"मला कशाला? सायबाला पायजे."

"साहेब कुठंय?"

"ही काय उभी," आत्या म्हणाल्या.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. साधी साडी, चपलेला शेतातली माती. मी मान खाली घालणार होते, पण आत्या माझ्याकडंच बघत होत्या, म्हणून नाही घातली. "पाठीला आधार देणारी दाखवा," मी म्हणाले. "दिवसभर बसून लिहायचं असतं."

पैसे आत्यांनी मला द्यायला लावले. विलासला बरोबरच आणलं नव्हतं. "खुर्ची ज्याची त्यानं घ्यावी, मंग कुनी उटीव म्हनत न्हाई." येताना टेबल दुकानाच्या टेम्पोनं येणार होतं, पण खुर्ची त्या टेम्पोवाल्याच्या हवाली करायला आत्या तयार नव्हत्या. ती जीपच्या टपावर चढली. पिंपळवंडीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाच्या लग्नाची खरेदी हो बाई?" त्यावर आत्यांनी सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लग्नाची न्हाई. सूनबाईच्या हापिसाची खुर्ची हाय. ती पुस्तकं लिव्हती." मी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांवर माझं नावसुद्धा नसायचं. पण त्या जीपमध्ये ते सांगायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर सांगावंसं वाटलंही नाही.

आमचं भांडण झालं ते टेबल कसं ठेवायचं यावरून. आत्यांनी ते दाराकडं तोंड करून मांडलं होतं. तसं बसलं की खिडकीचा उजेड थेट स्क्रीनवर पडायचा आणि अक्षर दिसायचं नाही. त्या रानात गेल्या होत्या तेव्हा मी टेबल फिरवून भिंतीला लावलं. माझी पाठ दाराला झाली. आत्यांनी येऊन बघितलं आणि भडकल्याच.

"दाराला पाठ करून कोन बसतं गं? मागनं कोन येतंय, काय येतंय, कळाय नको?"

"आत्या, इथं काय लांडगा यायचाय?"

"लांडगा न्हाई येत. मानसं येत्यात. त्येच तर तुजं रडनं व्हतं."

"पण मला दिसत नाही तसं बसलं की!"

दोन दिवस अबोला. त्यांना उजेडाचं माझं म्हणणं पटत नव्हतं आणि मला त्यांचं भय. तिसऱ्या सकाळी मी कामाला बसले, आणि जरा वेळानं दारात काहीतरी सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर आत्यांनी उंबऱ्याबाहेर गोणपाट टाकलं होतं आणि त्यावर अंगणाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून त्या बसल्या होत्या. टकळी फिरत होती.

"आत्या, इथं काय करताय?"

"तुजी पाठ दाराला," वळून न बघता त्या म्हणाल्या, "मंग तुज्या पाटीला मी. तू तुजं बग."

तेव्हापासून ती त्यांची जागा झाली. ऊन आलं की चिंचेच्या सावलीबरोबर गोणपाट थोडं सरकायचं, पण दारापासून लांब जायचं नाही. बाया यायच्या, आत्या त्यांना तिथंच बसवून हळू आवाजात गप्पा मारायच्या. चहा लागला तर जाऊबाईंना हाक, नाहीतर स्वतः उठायच्या. हळूहळू वस्तीवर सगळ्यांना कळलं, की मनीषाला भेटायचं तर दुपारच्या जेवणाला किंवा दिवस मावळताना. माझं काम वेळेत जाऊ लागलं. पुढं पुढं तर वेळेच्या आधी.

तोवर आत्यांना एक नवा नाद लागला होता. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण छापलेला कुठलाही कागद दिसला, की घेऊन माझ्यापुढं धरायच्या. "ह्ये तुजं हाय का?" औषधाच्या बाटलीवरचा कागद, बियाण्याची पिशवी, लग्नाची पत्रिका. मी नाही म्हटलं की त्यांचं मन त्या कागदावरून उडायचं. एकदा विलासनं विहिरीवर नवी मोटार बसवली आणि खोक्यातली माहितीपुस्तिका निघाली, ती खरंच मी भाषांतर केलेली होती. मी तसं सांगितलं. आत्यांनी ती पुस्तिका पदराला पुसली, देवळीत नेऊन ठेवली आणि मोटार चालू करणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "आमच्या मनिशेनं सांगितलंय तशीच चालू करायची. उगा खटाखटा बटनं दाबायची न्हाईत."

टोमॅटोला चांगला भाव आला त्या हंगामात मात्र खोलीवर संकट आलं. माझे थोरले दीर, संपत भाऊजी, मनानं वाईट नाहीत. पण हंगामात त्यांना टोमॅटोशिवाय काही दिसत नाही. एका सकाळी रिकाम्या कॅरेटनं भरलेली पिकअप त्यांनी थेट चिंचेखाली आणून लावली. मी आत काम करत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आई, सरक जरा. म्हयनाभर कॅरेट ठिवू दे हितं."

"न्हाई."

"आगं, भाव हाय आत्ता. टमाटं काय रस्त्यावर ठिवू?"

"टमाटं झाडावर हायेत. तू कॅरेट घिऊन आलायस. पत्र्याच्या शेडात ठिव."

"पत्र्याखाली ट्रॅक्टर हाय. लिव्हनं काय, कुटंबी बसून व्हतंय!"

"मंग तुजं टमाटं बी कुटंबी लाव," आत्या म्हणाल्या. "रस्त्यावर लाव. गच्चीवर लाव. रान कशाला पायजे तुला?"

भाऊजींनी पिकअपचं दार आपटलं. मग त्यांचा आवाज चढला. "घर चालतंय ते टमाट्यावर, आई. हिच्या लिव्हन्यावर न्हाई."

माझी बोटं थांबली. उठून बाहेर जावं आणि म्हणावं, ठेवा कॅरेट, असं वाटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला असणार, कारण आत्या बाहेरूनच ओरडल्या, "मनिशे, उटू नगंस!" आणि मग मुलाला म्हणाल्या, पण अगदी शांतपणे, "तुजा बाप मेंढरं राखायचा तवा त्याचा भाऊ असंच म्हनायचा. घर चालतं जवारीवर, मेंढरावर न्हाई. दुष्काळात कुनी जगवलं घर, इचार जा तुज्या चुलत्याला. ज्याला त्याला आपल्याच कामाचा घाम दिसतो, संपत. दुसऱ्याचा दिसाया त्याच्या दारात बसावं लागतं."

पिकअप माघारी गेली. संध्याकाळी जेवताना भाऊजींनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कितीसं काम ऱ्हायलंय तुमचं?" मी म्हणाले, आहे अजून. "करा, करा," ते म्हणाले. ट्रॅक्टर महिनाभर चिंचेखाली उभा राहिला आणि कॅरेट पत्र्याखाली.

आत्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रसंग मला तो निम्मा होऊन गेल्यावर कळला, कारण तो सुरू झाला तेव्हा मी आत होते आणि मला कुणी सांगितलंच नाही. आमच्या संपादक मॅडम घरच्या मंडळींबरोबर ओझरला गणपतीला आल्या होत्या. जाता जाता मला अचानक भेटावं म्हणून विचारत विचारत वस्तीवर आल्या. आत्यांनी अंगणात हात वर केला.

"सूनबाई हापिसात हायेत."

"मी त्यांच्या ऑफिसातूनच आलेय, पुण्याहून," मॅडम म्हणाल्या.

"आसंल. पर तिनं सांगितलंय, आज पुस्तकाचा शेवट चाललाय. बसा वाईच. च्या घ्या."

आणि मॅडम बसल्या. गोणपाटावर, आत्यांच्या शेजारी. चहा झाला, शेंगा झाल्या. आत्यांनी त्यांना टकळी कशी धरायची ते शिकवलं. मी पान संपवून पाणी प्यायला बाहेर आले, तर मॅडम लोकरीचा गुंता सोडवत बसलेल्या. मी घाबरून गेले. "आत्या, अहो, या कोण आहेत माहितेय का? माझं काम याच देतात!"

"मंग काम केल्यालंच त्यांना आवडंल," आत्या म्हणाल्या.

मॅडम इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली बघितली, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मनीषा, आमच्या ऑफिसात मला एवढी शांतता कधी मिळाली नाही गं." जाताना त्यांनी आत्यांना वाकून नमस्कार केला. पुढच्याच महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा भाषांतर न देता स्वतंत्र पुस्तक लिहायला सांगितलं. मुलांसाठी, सह्याद्रीतल्या प्राण्यांवर. त्यावर माझं नाव असणार होतं.

ती बातमी सांगितली तशा आत्या गोणपाटावरून उठल्या. घोंगडी झटकली, पायात वहाणा घातल्या आणि पारूबाईंच्या घरी गेल्या. पारूबाई म्हणजे शेजारच्या वस्तीवरच्या. पाण्याच्या पाळीवरून दोघींचं जुनं वैर, समोरासमोर आल्या तर तोंड फिरवायच्या. त्यांची सून शीतल शाळांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून द्यायची, चुलीपुढं बसून, एका हातानं भाकरी फिरवत. आत्या त्या घरात शिरल्या आणि पारूबाईंना म्हणाल्या, "तुजं माजं पान्याचं भांडान हाय, ते ऱ्हाऊ दे. ते आपन करत बसू. पर पोरीला एक कोपरा दे." पारूबाई तोंडात पदर धरून उभ्या राहिल्या. आत्या त्यांच्या घरात एकेका खोलीत बसून आल्या, दुपारभर. शेवटी धान्याच्या कणग्यांमागची जागा दाखवून म्हणाल्या, "हितं." शीतलचं टेबल आजही तिथंच आहे. आणि पाण्याचं भांडण त्या दोघींनी शेवटपर्यंत केलं.

आत्यांचा दमा थंडीत बळावायचा. गेल्या वर्षी तो जास्तच झाला आणि त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून त्या घरी आल्या खऱ्या, पण पुन्हा उठून दारात बसायची ताकद आली नाही. उन्हाळा लागायच्या आत, एका सकाळी, जाऊबाईंच्या हातचा चहा पिऊन त्या गेल्या. शांतपणे गेल्या. जाण्याबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. सांगायची आहे ती दवाखान्यातली दुपार.

मी पुस्तकाचं काम थांबवून त्यांच्याजवळ राहिले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोलताना धाप. तरी डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "तुजं काम कुटंय?"

"थांबवलंय, आत्या."

"कुनाला इचारून?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. विलास आला तेव्हा त्याला माघारी पाठवून लॅपटॉप मागवला. मग उशीवरून मान फिरवत त्यांनी ती खोली निरखायला सुरुवात केली. दार, खिडकी, शेजारची रिकामी खाट, भिंतीतलं बटण. बराच वेळ लागला. मग त्यांनी बोटानं पायांशी, खिडकीच्या कडेला जागा दाखवली. "तितं बस. उजेड बाजूनं यील. दिसंल तुला."

उजेडाचं माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. मी स्टूल ओढलं, औषधांच्या लोखंडी कपाटावर लॅपटॉप ठेवला आणि लिहायला लागले. सुरुवातीला जमेना. मग कसं कोण जाणे, जमलं. मुंगसावरचं प्रकरण होतं. किती वेळ गेला कळलं नाही. वर बघितलं तर आत्या एकटक माझ्याकडं बघत होत्या. एवढी वर्षं माझ्याकडं पाठ करून बसल्यामुळं त्यांनी मला लिहिताना कधी नीट बघितलंच नव्हतं.

"मनिशे, लिव्हताना तू त्वांड हालवतीस," त्या म्हणाल्या.

"हो?"

"व्हय. बोलतीस सोताशी. मी बी बोलायची, मेंढरामागं चालताना. लई बोलायची. तुजा सासरा म्हनायचा, येडी झाली."

"काय बोलायचात, आत्या?"

त्यांनी छताकडं बघितलं. "आता काय ध्यानात न्हाई," म्हणाल्या. "पर लई भारी बोलायची."

आम्ही दोघीही हसलो आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी हातानंच मला खूण केली, लिही म्हणून.

थोड्या वेळानं नर्सबाई आल्या. आत्यांचा एक्स-रे काढायचा होता आणि तो काढणारं फिरतं मशीन खोलीतच आणायचं होतं. "नातेवाइकांनी जरा बाहेर थांबा," नर्सबाई मला म्हणाल्या. मी लॅपटॉप मिटायला लागले.

"थांबा वं बाई," खाटेवरून आत्यांचा आवाज आला. बारीक, पण तोच. "तिला उटवू नगा. ती कामात हाय. मशीन ऱ्हाऊ द्या, मलाच न्या तिकडं."

"आजी, तुम्ही पेशंट आहात!"

"म्हनून तर म्हनते. मी मोकळीच हाय."

नर्सबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग त्या बाहेर गेल्या आणि चाकाची खुर्ची घेऊन आल्या. ऑक्सिजनचं छोटं नळकांडं मांडीवर घेऊन आत्या त्या खुर्चीत बसल्या, ताठ, डोक्यावर पदर ओढून. मी बरोबर निघाले तर त्यांनी मान हलवली. खुर्ची दाराबाहेर पडली. बाहेरच्या बाकांवर माणसं मोठ्यानं बोलत बसली होती. खुर्ची त्यांच्यासमोरून जाताना आत्यांनी त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण सगळी गप्प झाली, आणि मी मुंगसाचं पान पुरं केलं.